‘इंड एएस’चा फॉरवर्ड आणि ताळेबंदातलं भाडं

तिमाही निकालांचा हंगाम आला की ठाणे-नवी मुंबईतल्या शेअरवाल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. नव्या अकाउंटिंग स्टँडर्डमुळे कंपन्यांनी भाड्याचा खर्च गायब करून नफा फुगवला; शिवाय ताळेबंदात रातोरात कर्ज चढलं; बिल्डर ताबा देईपर्यंत विक्री लपवून टॅक्स वाचवतात; उद्या हेच नियम वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपलाही लागणार; आणि सगळ्यात आधी बँकांचे शेअर विका. शेवटी ‘जागे व्हा’ आणि जोडलेले हात.

भाड्यापासून सुरुवात करू, कारण तिथे मेसेज अर्धा खरा आहे. इंड एएस म्हणजे कंपन्यांनी हिशेब कसा मांडायचा याची भारतीय लेखा मानकं. त्यातलं भाडेपट्ट्याचं, म्हणजे लीजचं, इंड एएस 116 हे मानक 1 एप्रिल 2019 पासून लागू झालं. समजा, एका कंपनीने महापेला पाच वर्षांसाठी ऑफिस घेतलंय. भाडं वर्षाला 12 लाख, वर्षअखेरीस द्यायचं, आणि कंपनीला कर्ज 10 टक्क्यांनी मिळतं. पूर्वी दरवर्षी 12 लाख खर्ची टाकले की विषय संपायचा. आता पाचही वर्षांच्या भाड्याचं आजचं मूल्य काढायचं, म्हणजे पुढे द्यायच्या पैशांतून 10 टक्क्यांनी व्याज वजा करायचं. ते येतं 45.49 लाख. तेवढी मालमत्ता (जागा वापरण्याचा हक्क) एका बाजूला, तेवढंच लीजचं दायित्व दुसऱ्या बाजूला. मालमत्तेवर दरवर्षी 9.10 लाख घसारा (तिची किंमत पाच वर्षांत वाटून खर्ची टाकणं), दायित्वावर पहिल्या वर्षी 4.55 लाख व्याज. बेरीज 13.65 लाख. म्हणजे पहिल्या वर्षी नफा 1.65 लाखांनी घटला! पाचव्या वर्षी व्याज 1.09 लाखावर येतं आणि खर्च 10.19 लाख होतो. पाच वर्षांची बेरीज करा, बरोबर 60 लाख. घरमालकाच्या खात्यात गेले तेही 60 लाखच.

मग फुगलं काय? ईबिटडा. घसारा आणि व्याज वजा करण्याआधीचा हा आकडा, त्यामुळे 12 लाखांचं भाडं त्यातून अख्खं निसटतं. मेसेज लिहिणाऱ्याने ईबिटडा पाहिला आणि त्यालाच नफा म्हटलं. पण त्याची शंका निराधार नव्हती. अनेक कंपन्यांनी 2018-19 चे आकडे नव्या पद्धतीने पुन्हा मांडले नाहीत, तशी मुभाच होती. त्यामुळे दुकानांच्या साखळ्या, मल्टिप्लेक्स अशा भाड्यावर उभ्या असलेल्या धंद्यांत 2019-20 चा ईबिटडा उगीचच तगडा दिसला. उपाय सोपा आहे. रोख प्रवाह पत्रकात वित्तपुरवठ्याच्या भागात लीज दायित्वापोटी दिलेल्या रकमेची ओळ असते. मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवलं असेल तर दोन्ही धरा, आणि ती रक्कम ईबिटडातून वजा करा.

‘रातोरात कर्ज’ हा आरोप मात्र टिकत नाही. रद्द न करता येणाऱ्या लीजपोटी एका वर्षात किती द्यायचंय, एक ते पाच वर्षांत किती, त्यापुढे किती, हे जुन्या मानकातही टिपांमध्ये छापावं लागायचं. वार्षिक अहवालाची ती पानं कोणी उघडत नव्हतं, एवढंच. आणि ‘नवी मुंबईत सगळी जमीन लीजवर, म्हणून इथल्या कंपन्या बुडणार’ ही या मेसेजची स्थानिक आवृत्ती तर हास्यास्पद आहे. एमआयडीसीचा भूखंड 95 वर्षांच्या लीजवर असतो, सिडकोचा बहुधा 60. पण प्रीमियम सुरुवातीलाच भरलेला असतो आणि वार्षिक भाडं नाममात्र. दायित्व उभं राहायला पुढे देणं तर हवं! अशा कंपनीच्या ताळेबंदात प्रीमियमची रक्कम फक्त वापरहक्काच्या मालमत्तेत दिसते.

शंका घ्यायचीच असेल तर मुदतीवर घ्या. बारा महिन्यांपर्यंतच्या लीजला सूट आहे, म्हणून अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स करायचं आणि आपण सुटलो म्हणायचं, हा मोह होतो. करारावर नाव काय आहे याने फरक पडत नाही. करारात मुदत वाढवण्याचा हक्क असेल आणि कंपनीने फर्निचर, केबिन, सर्व्हर रूमवर भरपूर पैसा ओतला असेल, तर ती अकरा महिन्यांनी जागा सोडणार नाही हे उघड आहे. मग वाढीव मुदतही मोजावी लागते. मुदत किती धरायची आणि व्याजदर कोणता, हे दोन्ही व्यवस्थापनाच्या अंदाजावर असतं. ऑडिटरशी खरी खडाजंगी तिथे होते. मेसेजमध्ये त्याबद्दल अक्षर नाही.

आता बिल्डर. उत्पन्न कधी दाखवायचं हे सांगणारं इंड एएस 115 हे 1 एप्रिल 2018 पासून आलं. बांधकामाच्या टप्प्यांनुसार उत्पन्न दाखवायचं की एकदम शेवटी, हे बिल्डरच्या मर्जीवर नाही. झालेल्या कामाचे पैसे ग्राहकाकडून मागण्याचा हक्क करारानुसार आणि कायद्याने आहे का, यावर ते ठरतं. नसेल तर घोडबंदर रोडच्या टॉवरचं उत्पन्न ताब्याच्या सुमारास येणार. तोवर घेतलेले हप्ते ताळेबंदात दायित्व म्हणून उघड दिसतात, लपत नाहीत. जीएसटी तर ग्राहक हप्त्यागणिक भरतच असतो. आयकराची मोजणीही निराळी, तिला आयसीडीएस नावाची स्वतंत्र मानकं आहेत. मॅट, म्हणजे पुस्तकी नफ्यावरचा किमान कर, भरणाऱ्या कंपन्यांचा त्या नफ्याशी संबंध येतो खरा, पण 22 टक्के आयकराचा पर्याय घेतलेल्यांना मॅटही नाही.

वागळे इस्टेटच्या वर्कशॉपवाल्याने निवांत झोपावं. इंड एएस सूचीबद्ध कंपन्यांना आणि 250 कोटी किंवा अधिक नक्त मूल्याच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरलेल्या रकमेच्या) कंपन्यांना लागतं, शिवाय त्यांच्या उपकंपन्या वगैरेंना. छोट्या-मध्यम कंपन्यांच्या शेअरसाठीच्या एसएमई बाजारात नोंदलेल्यांनाही सक्ती नाही. आणि ज्या बँकांचे शेअर ‘आधी विका’ म्हणून सांगितलंय, त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने मार्च 2019 मध्येच इंड एएस पुढील सूचनेपर्यंत लांबणीवर टाकलं.