‘पातळ प्लाय’ लिहिणाऱ्या ग्राहकांना दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ. आम्ही बनवून दिलेल्या तुमच्या राहायच्या ट्रेलरमध्ये घाटात माळ्याचं झाकण उघडलं, लोणच्याची बरणी फुटून गादी खराब झाली, वहिनींची सहल वाया गेली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

पण ‘18 एमएमचे पैसे घेऊन पातळ प्लाय लावला, सरळ फसवणूक केली’ असं तुम्ही रिव्ह्यूत लिहिलं. ते वाचून घास उतरला नाही. आमचं घर पिढ्यांपासून परतवाड्याच्या लाकूड बाजारावर जगते. लाकडात खोट केली असं आम्हाला आजवर कोणी म्हटलं नाही.

कोटेशन काढून बघा. पलंगाची पेटी आणि कपाटं 12 एमएम, माळ्याची झाकणं 6 एमएम, असं स्वच्छ लिहून खाली तुमची सही घेतली आहे. पैसेही तेवढ्याचेच घेतले. घरच्या कपाटाला 18 एमएम बरोबर, ते भिंतीला टेकून उभं राहते. ट्रेलरचं कपाट बोलेरोमागं चिखलदऱ्याचा घाट चढते. 18 एमएमची 8 बाय 4 ची एक शीट 30 किलोच्या वर जाते, 12 ची 20 किलोच्या आसपास. सगळं काम जाड प्लायमध्ये केलं असतं तर सामान भरायच्या आधीच गाडीवर किती ओझं झालं असतं, तुम्हीच हिशेब करा. म्हणून प्लाय बारीक घेतला आणि ताकद ॲल्युमिनियमच्या फ्रेमला दिली. पलंगाच्या फळीवर दोन माणसं उभी करून तुम्हाला दाखवलं होतं.

पाण्याची टाकीही तुम्ही मागच्या कोपऱ्यात मागत होते. 100 लिटर म्हणजे 100 किलो. मागं वजन झालं की उतारावर ट्रेलर शेपटी हलवते आणि ओढणारी गाडीही सोबत ओढली जाते. म्हणून आम्ही भांडून ती एक्सलवर, म्हणजे चाकांच्या दांड्यावर, पलंगाखाली बसवली. उन्हाळ्यात पत्र्याखाली झोपवणार नाही म्हणून छताला फोम लावला. रिव्ह्यूत त्याचा एक शब्द नाही.

आता झाकण. माळा कपडे आणि अंथरुणासाठी आहे, तशी लाल अक्षरातली चिठ्ठी आतून लावली होती. तुम्ही ट्रेलर दाखवायला आणला तेव्हा त्यात कणकेचा पिपा, स्टीलचे डबे आणि तेलाची कॅन होती. चिठ्ठी डब्यांच्या मागं दबली होती. जड सामानाला पलंगाखाली पेटी दिली आहे, वरून उघडते आणि बाहेरूनही. ती रिकामी होती. वहिनींना वाकायला त्रास होते, हे तेव्हाच सांगितलं असतं तर बाहेर ओढता येणारा कप्पा करून दिला असता.

दुकानात तीन पोरं कामाला आहेत, त्यांची घरं यावरच चालतात. आता नवीन माणूस फोन करते तर पहिलं ‘प्लाय कोणता लावता’ हेच विचारते. खराब काम केलं असतं तर ऐकून घेतलं असतं.

पुढच्या कामांत झाकणांच्या खिट्ट्यांचं काही बघतो आहोत. तुमच्या माळ्याला दुहेरी खिट्टी बसवून देऊ, पैसे घेणार नाही. फसवणुकीची ती ओळ तेवढी काढा. ट्रेलर रिकामा करून आणा, आणि सोमवारी येऊ नका, त्या दिवशी दुकान बंद असते.