घरटी एक मूल

आज आमच्या जुन्या मित्रमंडळींच्या गटात कोणीतरी श्रीलंका सरकारविरुद्ध स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढलेल्या लिट्टे या सशस्त्र संघटनेच्या गणवेशातल्या, गळ्यात सायनाईडची कुपी अडकवलेल्या मुलींचे छायाचित्र टाकले आणि खाली ‘याला म्हणतात शौर्य’ असे लिहिले. त्यातली एकही मुलगी पंधरा वर्षांहून मोठी दिसत नाही. तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागलेले नाही.

येथे टोरांटोत माझ्याबरोबर काम करणारी एक तमिळ मैत्रीण मूळची उत्तर श्रीलंकेतल्या किलिनोच्चीजवळची आहे. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत लिट्टेने वन्नी या तिथल्या भागात घरटी एक मूल मागायला सुरुवात केली, तेव्हा तिच्या घरी ती आणि तिचा सोळा वर्षांचा भाऊ अशी दोनच मुले होती. लग्न झालेल्यांना तेव्हा सहसा नेत नसत, म्हणून आईने घाईघाईने तिचे लग्न लावून दिले. मग भावाला नेले. सांगा, यात शौर्य कोणाचे?

१९८१ मध्ये जाफना या तमिळ शहराचे ग्रंथालय जाळले गेले, १९८३ च्या जुलैत तमिळांची कत्तल झाली, आणि त्या संतापाने काही मुले आपणहून गेली, हे मान्य आहे. पण २००३ मध्ये युनिसेफपुढे मुले सोडण्याचे कबूल करणाऱ्या संघटनेने २००९ मध्ये, सर्व काही हातचे गेलेले दिसत असतानाही, थोड्याशा प्रशिक्षणावर कोवळी पोरे आघाडीवर उभी करावीत, याला मी लढा म्हणणार नाही.

मैत्रिणीवर मात्र मला रागावता येत नाही, तिच्या आईवर तर नाहीच. कोणते मूल राखायचे हे त्या बाईला ठरवायला लावले गेले, आणि मैत्रीण आजही आपला संसार भावाच्या जिवावर उभा आहे असेच मानते. युद्धानंतर सरकारच्या पुनर्वसन शिबिरांत गेलेल्या लिट्टेच्या माजी सैनिकांमध्ये तो सापडला नाही. किलिनोच्चीत २०१७ पासून रस्त्याकडेला धरणे धरलेल्या, बेपत्ता मुलांच्या आयांमध्ये त्याची आईही जाऊन बसते.

आणि लिट्टेचा पूर्वेकडचा सेनापती करुणा? तो २००४ मध्ये फुटला, त्याच्या गटानेही मुले उचलली, आणि २००९ मध्ये तोच माणूस श्रीलंकेच्या सरकारात मंत्री झाला. मुलांच्या हाती बंदूक देणाऱ्याला त्या सरकारने मंत्रिपद दिले, आणि त्या आईला आजतागायत साधे उत्तरही दिलेले नाही.