पूष्णे नमः

सूर्याची बारा नावे मला शाळेपासून पाठ आहेत. मात्र वयाच्या 46व्या वर्षापर्यंत त्यांपैकी एकालाही मी अंग वाकवून नमस्कार केलेला नव्हता. पँटचे बटण लावण्यासाठी श्वास रोखून धरावा लागू लागला, तेव्हा रात्रीच्या जेवणात, दुसऱ्यांदा भात वाढून घेताना, मी जाहीर केले की उद्याच्या रथसप्तमीपासून रोज बारा सूर्यनमस्कार घालणार. घोषणा आई आणि बायको या दोघींसमोर झाल्यामुळे माघारीची वाट तिथेच बंद झाली.

सकाळी गच्चीत आई गोवरीच्या विस्तवावर बोळके ठेवून, दूध कोणत्या बाजूने उतू जाते याकडे डोळे लावून बसली होती. मित्राय, रवये, सूर्याय आणि भानवे यांना मी झपाट्याने उरकले. खगाय म्हणताना दंड थरथरू लागले आणि पूष्णे या सहाव्या नावाला तर तोंडातून केवळ वाफ बाहेर पडली. साष्टांगाच्या स्थितीत कपाळ, छाती, दोन्ही तळवे, दोन्ही गुडघे आणि दोन्ही चवडे अशी आठ अंगे जमिनीला टेकवायची असतात, पोट मात्र वर उचललेले हवे. माझे पोट सर्वांच्या आधी टेकले आणि सर्वांच्या शेवटी उठले.

"आज दूध उतू घालायचं असतं रे, जीव नव्हे," आई बोळक्यावरची नजर न काढता म्हणाली.

सवय नसताना स्नायूंना एकदम राबवले, तर दुखणे लगेच न येता साधारण 24 ते 72 तासांत कळस गाठते. हे शास्त्रीय सत्य मला तिसऱ्या दिवशी संडासात बसताना, कोणत्याही ग्रंथाच्या आधाराविना समजले. पुढचे दोन दिवस मी शिंकही विचारपूर्वक दिली.

सवय 21 दिवसांत लागते असे ऐकले होते. वाचू गेलो तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी 96 स्वयंसेवकांवर केलेल्या पाहणीत सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असे दिसले, आणि हा काळ माणसागणिक 18 पासून 254 दिवसांपर्यंत बदलत होता. माझा नंबर कोणत्या टोकाला लागणार, हे घरात कोणी विचारलेसुद्धा नाही. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्याच पाहणीत आढळले होते. हा निष्कर्ष मला इतका पटला, की त्याच्या सन्मानार्थ मी सलग चार दिवस चुकवले.

अखेर बायकोने तह घडवून आणला. सकाळच्या चहाचे आधण मी ठेवायचे, आणि त्याला उकळी येईपर्यंत शेजारच्या खोलीत होतील तेवढेच नमस्कार घालायचे. मंद आचेवर तीन होत असत. (मोठ्या आचेवर एकच होतो, हे मी शोधून काढले होते, पण तिने गॅसचे बटण स्वतःच्या ताब्यात घेतले.) त्याच दिवसांत, साष्टांगात विसावा म्हणून गाल फरशीला टेकवला असता, दिवाणाखाली भिंतीलगत मला दिवाळीची एक चकली दिसली. एक वेढा तुटलेली, धुळीने करडी झालेली, पण डौल राखून असलेली. मी कोणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ती आहे ना हे पाहण्यासाठी मी वेळेआधीच आडवा झालो. तिला नीट न्याहाळता यावे म्हणून तिनाचे चार झाले, चाराचे पाच झाले, आणि एका सोमवारी चक्क पूष्णे नमः हे शब्द स्वरासकट उमटले.

परवा दिवाण सरकवून केर काढला गेला आणि चकली गेली. काल सकाळी आधण ठेवून मी नेहमीप्रमाणे खाली गेलो, गाल फरशीला लावला, त्या स्वच्छ कोपऱ्याकडे पाहत हिरण्यगर्भाय झाले, मरीचयेही झाले, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून चर्र असा आवाज आला.

"चहा उतू गेला वाटतं," आई आतून म्हणाली. "बघ रे, कुठल्या बाजूने गेला?"