भेगेत पुट्टी कसली भरताय, खिडकीवर विटा पेलणारी आडवी तुळई, म्हणजे लिंटेलच नाहीये!

तिसऱ्यांदा! तीच खिडकी, तीच भेग, आणि तिसऱ्या मिस्त्रीचंही तेच: "पुट्टी मारू, रंग देऊ, कळणारसुद्धा नाही." अहो, भेग लपवायला नाही बोलावलं तुम्हाला! खिडकीच्या कोपऱ्यापासून भेग सांध्यासांध्यांतून पायऱ्या चढल्यासारखी वर गेलीय. मधल्या विटा खाली बसल्यात. झडप उघडताना घासतेय. वरच्या विटांना खालून आधारच नाही, हे कळायला आणखी काय व्हायला हवं?

जुन्या कितीतरी घरांत खिडकीवरच्या बाहेरच्या विटांखाली लिंटेल घातलेलंच नसतं. जाडजूड लाकडी चौकट असायची, तीच भार घ्यायची. आम्ही खिडक्या बदलल्या तेव्हा त्या माणसाने चौकट उपटली, प्लास्टिकची फ्रेम बसवली आणि वर विटा कशावर टेकल्यात हे मान वर करून पाहिलंही नाही. ती फ्रेम भिंत पेलायला बनवलेलीच नसते! रोज हेच काम करणाऱ्याला हे माहीत नसावं? की माहीत असून गप्प बसला? मला याचाच संताप येतो. सुरुवातीला काहीच दिसत नाही, कारण विटा एकमेकींना धरून कमानीसारख्या तग धरतात. मग सांधे सुटायला लागतात आणि मधला विटांचा त्रिकोण खाली सरकतो. तोवर हा पैसे घेऊन मोकळा.

आणि दुरुस्ती काही अशक्य नाही हो! आधी वरच्या भिंतीला टेकू. मग सैल विटा उतरवायच्या, दोन्ही बाजूंना साधारण 150 मिमी भिंतीवर बसेल असं लिंटेल टाकायचं, विटा परत रचायच्या आणि वरची फट गच्च भरायची. विटा फारशा बसल्या नसतील तर सांधे खरवडून त्यांत स्टेनलेस स्टीलच्या पिळाच्या सळ्या ग्राउटमध्ये (फटीत भरायच्या मसाल्यात) बसवता येतात, पण त्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना बऱ्याच पुढपर्यंत न्याव्या लागतात. एकाने तर टेकू न लावताच छिन्नी-हातोडा चालवायला घेतला. खाली माणसं उभी होती! हात धरून थांबवला त्याला.

दुसऱ्याने मऊ, जुन्या विटांच्या सांध्यांत कडक सिमेंट कोंबलं. तिथे चुन्याचाच मसाला हवा होता. आता सांध्यांतून वाट नाही, म्हणून ओल विटांमधूनच बाहेर पडतेय आणि त्यांचे पापुद्रे सुटतायत.

पुट्टीचा डबा घेऊन आता कुणी दारात आलं तर आत घेणार नाही. टेकू घेऊन या, लिंटेल घेऊन या, मग बोलू.