घड्याळ म्हणतं साडेसात तास, पुतणी म्हणते डोळाच लागला नाही

भाऊ, प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं असं: पुतणीला पॉट्स (POTS) नावाचा आजार सांगितलाय, त्यात उभी राहिली की नाडी धावते, धडधड आणि चक्कर. ती म्हणते रात्रभर झोप नाही, मनगटावरचं घड्याळ साडेसात तास दाखवतं. मग मशीन कशाला खोटं बोलेल? आणि माझ्यासारखे लोक तिच्या तक्रारीला खतपाणी घालतात.

घड्याळाला मेंदू दिसत नाही हो. आतला सेन्सर हालचाल टिपतो, हिरव्या उजेडावर नाडी मोजतो आणि त्यावरून झोपेचा अंदाज बांधतो. झोपलेला माणूस त्याला बरोबर ओळखता येतो. जागा माणूस निपचित पडला की तेच फसतं. पॉट्सवाली पोर निपचितच पडणार, उठून बसलं तरी घेरी येते तिला. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर गेला की गच्चीवर आपण शंभरदा कूस बदलतो, माठाकडे जातो. ती जात नाही. उकाड्यात रक्तवाहिन्या सैलावतात, घामाने अंगातलं पाणी कमी होतं, त्यामुळे तिचा त्रास तेव्हाच वाढतो. घड्याळाच्या हिशोबात मात्र तुम्ही जागे आणि ती झोपलेली!

‘गाढ झोप इतकी मिनिटं’ हा आकडा तर मी बघतही नाही. त्यात नाडीचा आधार घेतात, आणि हिची नाडीच ताळ्यावर नसते.

तुमच्या बाजूचंही सांगतो. डोक्याला तारा लावून रात्रभर केलेल्या तपासणीतसुद्धा पॉट्सच्या रुग्णांच्या तक्रारीएवढा बिघाड दर वेळी सापडत नाही. पण म्हणून पोर नाटक करते असं होत नाही. सकाळी अंग मोडून येणं त्या तारांत कुठे दिसतं?

घड्याळ फेकू नका. दोन आठवडे उशाशी वही ठेवा: कधी आडवी झाली, कधी जाग आली, औषध कधी घेतलं. मिडोड्रिन, म्हणजे बीपी वाढवणारं औषध, चालू असेल तर शेवटची गोळी झोपायच्या किमान चार तास आधी, कारण आडवं पडल्यावर त्याने बीपी चढतं. सकाळी पडल्यापडल्या नाडी बघा, मग दहा मिनिटं उभं करून पुन्हा, कुणीतरी शेजारी थांबून. मोठ्यांत मिनिटाला ३०, बारा ते एकोणीस वयात ४० ठोक्यांची वाढ ही पॉट्सची खूण धरतात. वही आणि हे आकडे दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा. घोरणं किंवा श्वास अडकून दचकणं असेल तर रात्रभराच्या तपासणीचं आधी विचारा. आणि तिचं वय कळवा, प्रतिक्रियेत ते राहिलंय.