'आदिवासी बायका जंगल जाळतात आणि बक्षिसं घेतात' या फॉरवर्डला उत्तर

वनसेवेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामी, हे खरंय का?" मजकूर थोडक्यात असा: 'ऑस्ट्रेलियात आदिवासी बायकांना परीक्षेशिवाय रेंजर करतात. या बायका स्वतःच जंगलाला आगी लावतात, कासवं मारून खातात, आणि वर इंग्लंडच्या राजपुत्राकडून १० लाख पाउंड घेतात. आपल्याकडे वणवा लावला तर तुरुंग! निसर्गाला माणसाचा हात लागला नाही तरच तो वाचतो.' शेवटी हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'. पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकानेही नकाशा उघडून पाहिलेला नाही. भाचीला उत्तर द्यायचंच होतं, ते सगळ्यांसाठी लिहिते.

आधी आग, कारण यातला सगळ्यात घातक मुद्दा तोच आहे.

उत्तर ऑस्ट्रेलियात, पश्चिम आर्नहेम लँडच्या पठारावर, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस असतो आणि उरलेलं वर्ष कोरडं. पावसाळ्यात गवत डोक्याच्या वर जातं आणि एप्रिलनंतर वाळायला लागतं. मे-जूनमध्ये जमिनीत ओल असते, ओढ्याकाठ हिरवा असतो, रात्री दव पडतं. तेव्हा लावलेली आग गुडघ्याएवढ्या ज्वाळेने चालते आणि ओलं गवत, खडक किंवा ओढा आडवा आला की विझते. झाडांचे शेंडे शाबूत राहतात. हेच गवत न जळता सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उभं राहिलं, आणि वीज पडून किंवा रस्त्याकडेला कुणाच्या हलगर्जीपणाने पेटलं, तर आग रात्रीही थांबत नाही. शेंड्यांपर्यंत चढते, दिवसचे दिवस चालते, ढोल्यांसकट झाडं आडवी करते. म्हणून तिथले आदिवासी रेंजर मोसमाच्या सुरुवातीला तुकड्यातुकड्यांनी जाळतात. जळालेले पट्टे मध्ये असले की उशिराच्या आगीला पुढे सरकायला खाद्य मिळत नाही.

आता 'आपल्याकडे तुरुंग' या वाक्याबद्दल. आपल्याकडे राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. फेब्रुवारी ते मेमध्ये, गवत कडक वाळलेलं असताना 'पुढच्या वर्षी चांगलं येईल' म्हणून सह्याद्रीत काडी टाकतात, ती तिकडच्या ऑक्टोबरच्या आगीच्या जातीची. पण आपलं वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग ओलांडू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, काढतं, गवत कापून, जाळून, ठरलेल्या वेळेत. वनसेवेची तयारी करणाऱ्या मुलीला जाळरेषा शिकवावी लागत नाही. तिकडचं काम त्याच जातीचं, फक्त त्याचा पसारा २८,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण अकराव्या भागाएवढा.

काम कसं होतं तेही बघा. पायी जाळताना हातात ड्रिप टॉर्च असते: धातूचा डबा, वाकडी नळी, टोकाला पेटती वात. आत साधारण तीन भाग डिझेल आणि एक भाग पेट्रोल. पेट्रोल जास्त झालं तर भडका हाताशी येतो. डिझेल जास्त झालं तर थेंब जमिनीवर पडून विझतात. लावायची ती दुपार कलल्यावर, म्हणजे संध्याकाळचा गारवा आणि दव तिला आवरतात. सकाळी लावली तर अख्खी दुपार आणि दुपारचा वारा तिच्या हाती जातो. जिथे कड्यांमुळे पाय पोचत नाहीत तिथे हेलिकॉप्टरमधून प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या टाकतात. आत पोटॅशियम परमँगनेट असतं. टाकण्याच्या क्षणी यंत्र सुईने त्यात ग्लायकॉल सोडतं आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास गोळी जमिनीवर पेटते.

याचा उपयोग काय, हे मोजलेलं आहे. पश्चिम आर्नहेम लँडचा हा प्रकल्प २००६ मध्ये सुरू झाला. डार्विन शहरातल्या द्रवरूप नैसर्गिक वायूच्या कारखान्याने, स्वतःच्या उत्सर्जनाच्या बदल्यात, दर वर्षी १ लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाइतकं आगींमधलं उत्सर्जन कमी करून घेण्यासाठी १७ वर्षांचा करार केला. २०१३ साली 'फ्रंटियर्स इन इकॉलॉजी अँड द एन्व्हायर्न्मेंट' या नियतकालिकात पहिल्या ७ वर्षांचा हिशेब आला: आधीच्या १० वर्षांच्या सरासरीपेक्षा उत्सर्जन सुमारे ३८ टक्क्यांनी घटलं. हिशेबात मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड धरतात. कार्बन डायऑक्साइड धरत नाहीत, कारण पुढच्या पावसात गवत वाढताना तो परत ओढून घेतो. किती आणि कधी जळलं हे उपग्रहाच्या नकाशावर दिसतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एवढा एक लेख वाचला असता तर आगीचं वाक्यच लिहिलं नसतं.

एक गोष्ट मात्र मान्य करते. सुरुवातीच्या मोसमातली आगसुद्धा एकाच जागी दर वर्षी लावली तर नुकसान करते. छोट्या सस्तन प्राण्यांना काही वर्षं न जळलेलं रान लागतं, आणि ते तुकडे राखणं हे जाळण्याइतकंच अवघड काम आहे. म्हणूनच याच पठारावरच्या वॉर्डेकन संस्थेच्या डालुक रेंजर (तिथल्या कुनविंजकू भाषेत डालुक म्हणजे बाई) कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावतात. ओट्स आणि शेंगदाण्याच्या लोण्याचं आमिष ठेवायचं, कॅमेरा नीट रोखायचा आणि समोरचं गवत बुडापासून साफ करायचं. हे शेवटचं राहिलं तर वाऱ्याने हलणाऱ्या गवताचे हजारो फोटो निघतात, कार्ड भरतं आणि नॉर्दर्न क्वोल (पोटपिशवीवाला छोटा मांसाहारी प्राणी) समोरून गेलं तरी टिपलं जात नाही.

'हात लागला नाही तरच वाचतो' याला याच पठाराने उत्तर दिलंय. विसाव्या शतकात लोक पठार सोडून मिशनमध्ये आणि वस्त्यांत गेले. हात खरोखरच लागेनासा झाला. पुढे काय झालं? उशिराच्या मोठ्या आगी वाढल्या. आग न सोसणाऱ्या सायप्रस पाइनची झाडं मेली. त्याचं लाकूड लवकर कुजत नाही, म्हणून मेलेली खोडं वर्षानुवर्षं उभी दिसतात. बारदायल 'लॉफ्टी' नाजामेरेक हे ज्येष्ठ चित्रकार २००२ मध्ये पठारावरच्या काबुलवारनाम्यो इथे परत राहायला गेले ते हे बघूनच. रिकामं झालेलं रान म्हणजे सुखी रान, ही शहरात बसलेल्यांची समजूत आहे.

परीक्षेचा मुद्दा भाचीला लागला असणार. आपल्याकडे रेंजर म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी, एमपीएससीतून येणारा. तिकडे रेंजर म्हणजे आपल्याच पूर्वजांच्या जमिनीवर आणि समुद्रावर पगारी काम करणारी कर्मचारी. शब्द एक, पद वेगळं. २००७ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून हे पगार मिळतात, पण कामासोबत निसर्गसंवर्धनाचं प्रमाणपत्र, बोट चालवायची असेल तर कॉक्सवेनचा परवाना, दुर्गम भागातला प्रथमोपचार, तण मारायला रसायनं हाताळण्याचा परवाना, असं कामानुसार शिकावं लागतं. किनाऱ्यावरच्या रेंजरांना मग समुद्रगवताची, म्हणजे उथळ समुद्राच्या तळाशी वाढणाऱ्या गवताची, मोजणी. ओहोटीला ५० मीटर बाय ५० मीटरच्या जागेत तीन दोऱ्या टाकायच्या, दर ५ मीटरवर ५० सेंटिमीटरची चौकट ठेवायची. एकूण ३३ चौकटी. प्रत्येकीत गवताने किती टक्के जागा झाकली, कोणती जात, पान किती उंच. भरती यायच्या आत ३३ पूर्ण झाल्या पाहिजेत.

बायकाच का? कारण कित्येक जागा फक्त बायकांच्या आहेत. तिथलं पाणी, तिथली गाणी, तिथली जाळण्याची वेळ बायका बायकांनाच सांगतात, आणि पुरुष रेंजरने तिथे पाऊल टाकायचं नसतं. सगळी तुकडी पुरुषांची असेल तर तेवढा भूभाग बेवारस राहतो.

कासवं खातात? हो, काही समाज खातात. १९९३ च्या नेटिव्ह टायटल कायद्याच्या (आदिवासींचे जमीन-पाण्यावरचे पारंपरिक हक्क मानणारा कायदा) २११ व्या कलमाने घरच्या, बिगर-व्यापारी गरजेपुरता तो हक्क मान्य केलाय. शिवाय ईशान्य किनाऱ्यालगतच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळ पट्ट्यावरचे अनेक समाज समुद्र-उद्यानाच्या प्राधिकरणाशी करार करून शिकारीवर स्वतःहून मर्यादा घालतात. पहिला करार गिरिंगुन भागात २००५ मध्ये झाला. आणि घरट्यांचा खरा शत्रू वेगळाच आहे. ईशान्येकडच्या क्वीन्सलँड राज्यातल्या केप यॉर्क द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर रानडुकरं काही ठिकाणी जवळजवळ सगळी घरटी उकरून खात होती. तिथे रेंजर सकाळी मादीच्या वाळूतल्या खुणांवरून घरटं शोधतात, वर जाळी पसरतात आणि कडा वाळूत खोल पुरतात. भोकं पिल्लू निघेल एवढी मोठी, डुकराचं मुस्कट शिरणार नाही एवढी लहान. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर आपण कासवांची अंडी उचलून कुंपणातल्या हॅचरीत नेतो. तिथे किनारा इतका लांब आणि निर्मनुष्य की घरटं जागेवरच राखणं बरं. उचलायला उशीर झाला तर गर्भ कवचाला चिकटलेला असतो, आणि अंडं फिरलं की तो मरतो. घरटी खाणाऱ्या डुकरांबद्दल त्या फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही.

राहिले १० लाख पाउंड. राजपुत्र विल्यम यांनी सुरू केलेलं अर्थशॉट हे पर्यावरणाचं पारितोषिक २०२२ मध्ये समुद्राच्या विभागात क्वीन्सलँडच्या आदिवासी महिला रेंजरांच्या जाळ्याला मिळालं. ते २०१८ मध्ये युकू बाजा मुलिकू समाजाच्या लॅरिसा हेल यांनी उभं केलं. मी वर सांगितलेली आग आर्नहेम लँडची आणि पैसे रीफवरच्या बायकांचे. दोन जागांत हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. रक्कम पुढच्या बायकांच्या प्रशिक्षणाच्या कामासाठी आहे, कुणाच्या पर्समध्ये गेलेली नाही.