तांदूळ जहाजाने येत नाही, आणि त्या गोळ्या घरात ठेवायच्या नसतात

गेल्या आठवड्यात खानापूर तालुक्यातल्या नंदगडच्या माझ्या मावशीने दीड क्विंटल तांदूळ एकदम विकत घेतले आणि माजघरात पोती रचली. कारण विचारल्यावर तिने मोबाइल पुढे केला. त्यातला मजकूर असा : जगभरची जहाजे अडकली आहेत, तीन महिन्यांत तांदूळ, साखर, मीठ आणि तेल संपेल, सीमाभागाला दोन्ही राज्ये वाऱ्यावर सोडतील, म्हणून वर्षभराचा तांदूळ आजच भरा आणि कीड लागू नये यासाठी प्रत्येक पोत्यात ‘सल्फास’च्या दोन गोळ्या टाका. हाच मजकूर नंतर मला बेळगावातल्या चौघांकडून आला.

आधी गोळ्यांविषयी, कारण बाकीच्या थापांनी पैसे जातील, या सल्ल्याने माणसे जातील. ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो कीड मारतो आणि त्याच खोलीत झोपलेल्या माणसालाही मारतो. त्यावर उतारा नाही. गोदामात ती वापरतात तेव्हा जाणकार माणसे धान्य ताडपत्रीने हवाबंद करतात आणि नंतर जागेत मोकळी हवा खेळवून मगच आत जातात. म्हणूनच ही गोळी वाटेल त्याला विकता येत नाही, आणि दहा-वीस गोळ्यांच्या लहान नळ्यांवर तर केंद्र सरकारने २००१ सालीच पूर्ण बंदी घातली. तरीही मावशीला त्या एका दुकानात सुट्या, कागदाच्या पुडीत बांधून मिळाल्या. पोती होती त्याच माजघरात तिची दोन नातवंडे झोपतात. पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या भिंतींना जी ओल येते, ती लक्षात घेतली की पुढचे सांगायला नको.

तांदूळ जहाजाने येतात, हे तर मुळातच उलटे आहे. जगातल्या तांदळाच्या निर्यातीपैकी सुमारे चाळीस टक्के एकटा भारत करतो. जुलै २०२३ मध्ये भाव चढू लागले तेव्हा सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातच थांबवली होती. समुद्र बंद झाला तर आपला तांदूळ बाहेर जायचा थांबेल. शिवाय १ जुलै रोजी केंद्राच्या साठ्यात गहू आणि तांदूळ मिळून ४११.२ लाख टन धान्य असले पाहिजे, असा ठरलेला दंडक आहे. रेशनचे माणशी पाच किलो त्याच साठ्यातून येतात.

साखर संपण्याची भीती वीसहून अधिक साखर कारखाने असलेल्या बेळगाव जिल्ह्यात पसरावी, याचे मला दुःख होते. मिठाची हीच अफवा नोव्हेंबर २०१६ मध्ये उत्तरेत उठली होती. लोकांनी अवाच्या सवा दराने मीठ घेतले आणि मीठ काही संपले नाही.

तेलाचे मात्र मान्य करावे लागेल. आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, आणि एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात रोखली तेव्हा त्याची झळ आपल्याला बसली. पोटॅशही जवळजवळ सगळे बाहेरून येते, म्हणजे उसाच्या आणि भाताच्या शेतकऱ्याला खताची काळजी वाटणे रास्त आहे. पण ती काळजी भावाची आहे, उपासमारीची नाही. सीमेवर तणाव होतो हेही खरे. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली. त्याचा जहाजांशी काय संबंध, हे त्या मजकुरात कुठेच नाही.

वर्षभराचा साठा मावशीच्या आईनेही केला होता, पण तांदळाचा नव्हे, भाताचा. टरफलातला दाणा किडीला सहज दाद देत नाही, म्हणून कणगीत भात राहत असे आणि महिन्याला लागेल तेवढे गिरणीवर कांडून येत असे. मावशीला हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तिने गोळ्यांची पुडी न सोडता हवाबंद डब्यात घालून परसातल्या पडवीत ठेवली. ती मी दुसऱ्या दिवशी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात नेऊन दिली. दीड क्विंटलपैकी एक पोते शेजारच्या दोन घरांनी विकत घेतले आहे.